सशांची वाटणी

९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, ससा काय खातो, लेंड्या किती टाकतो ते रोज लिहून ठेवा. म्हणून हिशामची ही जुनी डायरी काढली. हिशाम माझा मुलगा, कुवेतला असतो. डायरी कोरी ठेवून गेला. त्याला म्हणे लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं.

तर नोंद. बाशाने आज काही खाल्लं नाही. लेंड्या दोन-चार, त्याही मिऱ्यांएवढ्या.

आता पेन हातात घेतलंच आहे तर बाकीचंही लिहिते. इद्दतीतल्या, नवऱ्यामागे चार महिने घरातच बसायच्या, बाईला दुसरा उद्योग काय? हाजी मुतवल्ली, माझा नवरा, नोव्हेंबर लागता लागता गेला. मागे दोन बायका ठेवल्या. मी खालच्या मजल्यावर, सौसन वरच्या. घर माझ्या वडिलांचं. सात वर्षांपूर्वी त्याने हिच्याशी लग्न केलं तेव्हा मीच म्हटलं होतं, एक दिवसाआड रशीद गावच्या गल्ल्या तुडवत जाण्यापेक्षा तिला आण वर. लोक म्हणाले, केवढं हे काळीज. काळीज कसलं डोंबलाचं, जिन्यावरच्या पावलांवरून तो कुठे आहे ते मला कळायला हवं होतं.

हाजीच्या चाळिसाव्या दिवशी वाटणी झाली. हाजीने जन्मभर दोघींना सारखं वागवलं. एक रात्र वर, एक रात्र खाली. मासे आणले तर दोन पुड्या, दोन्हींचं वजन सारखं. मग मीही म्हटलं, सगळं निम्मंनिम्मं. पितळी परात मला, शिवणयंत्र तिला. दोन सशांतला बाशा मला, फुल्ला तिला. सौसन म्हणाली, "ताई, ते दोघं कायम एकत्र राहिलेत." मी म्हटलं, "आपणही राहिलोच की. काय मोठं भलं झालं?" त्याच बैठकीत हेही सांगून टाकलं, की इद्दतीचे चार महिने दहा दिवस नवरा राहत होता त्या घरात राहायचा तुझा हक्क आहे, तो संपला की मजला रिकामा कर. दमनहूरला भाऊ आहे ना तुझा? ती हो म्हणाली. ही बाई कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून भांडायची मजा येत नाही.

तेव्हापासून बाशाचं तोंड पडलंय. मला वाटलं नखरे. परवा ताज्या बरसीम गवताकडेही पाठ करून बसला तेव्हा कळलं, नखरे नाहीत. डॉक्टर रामेझ कॉप्टिक ख्रिस्ती, त्यांचा नाताळ सात जानेवारीला, दवाखाना बंद. काल टोपलीत घालून मायक्रोबसने अलेक्झांड्रियाला नेला. समोरची उम्म ताहा, म्हणजे ताहाची आई, खिडकीतून म्हणाली, "इद्दतीत कुठे निघालात?" म्हटलं, "सशाला डॉक्टरकडे." तिने खिडकी लावून घेतली. मी नाक्यावर पोचायच्या आत बातमी बंदरावर पोचली असणार.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. म्हणाले, "आतडी थांबत चाललीत. याची जोडीदारीण कुठे आहे?"

म्हटलं, "वाटणीत गेली."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बाई, ही काय परात आहे?"

परातीचं यांना कोणी सांगितलं, असं क्षणभर वाटून गेलं. त्यांनी औषध दिलं, सिरिंजने चारा भरवायला शिकवलं, आणि म्हणाले, परत जोडी लावा, नाहीतर हा राहायचा नाही.

११ जानेवारी

जोडी लावली. बाशाला वर नेऊन फुल्लापुढे ठेवलं. वाटलं, आता गळ्यात गळे. फुल्लाने दोन क्षण हुंगलं आणि अंगावरच आली. केसांचे पुंजके उडाले, बाशाच्या कानातून रक्त. सौसनने मध्ये हात घातला तर तिलाही चावली. मी झाडूने दोघांना अलग केलं. सौसनचं बोट बांधताना मी म्हटलं, "तुझी फुल्ला अगदी कजाग आहे हो." ती म्हणाली, "तिला वाटलं असेल, हे घर आता तिचं एकटीचं."

मला हे लागलं. का लागलं कळत नाही.

१२ जानेवारी

डॉक्टरांना फोन केला. चांगलेच रागावले. म्हणाले, महिनाभर लांब ठेवलेत, आता ते एकमेकांना परके. वर नाही, खाली नाही, जिथे दोघांपैकी कोणाचाच वास नाही अशा तिसऱ्या जागी न्या. मधे जाळी बांधा. एकमेकांची अंथरुणं बदला. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ खायला घाला. घाई केलीत तर एकजण मरेल. आणि जिचा ससा तिने त्याच्याजवळ बसायचं.

तिसरी जागा कुठली? गच्ची त्यांची जुनीच, तिथे पूर्वी उंडारायचे. जिना अरुंद. दिवसभर डोकं खाजवलं. संध्याकाळी सौसन जिन्यातूनच म्हणाली, "ताई, दुकान."

घराच्या कडेला हाजीचं दुकान आहे. मासेमारीची जाळी आणि दोर. तो गेल्यापासून कुलूप. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी उघडलं नव्हतं. तिने कधी मागितली नाही.

१५ जानेवारी

दुकान उघडलं. डांबराचा आणि तंबाखूचा वास तसाच होता. माझे पाय उंबऱ्यातच अडकले. सौसन मागे उभी राहिली, म्हणाली, "आधी तुम्ही." मी आत गेले, त्याच्या पाटावर बसले आणि रडले. चाळिसाव्यालाही इतकी रडले नव्हते. ती दोरांच्या गुंडाळ्यांवर बसून तिचं तिचं रडली. नंतर दोघींनी केर काढला.

बारीक जाळं निवडून खांबापासून खिळ्यापर्यंत ताणून बांधलं. गाठ सौसनने मारली, हाजी मारायचा तशीच. मला त्याने कधी शिकवली नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा. एका बाजूला बाशा आणि मी, दुसऱ्या बाजूला फुल्ला आणि ती.

उम्म ताहा दारात येऊन उभी. "हाजीची बरकत बघा. स्वतः दोन बायका करून बसला आणि बिचाऱ्या सशाला मात्र खच्ची करून आणलं." साऱ्या गल्लीचा हा जुना विनोद. हाजीने शुक्रवारच्या बाजारातून ही दोन पिल्लं आणली होती ती मुलुखियाच्या, पाल्याच्या रश्शाच्या, पातेल्यासाठीच. सौसनने कापू दिली नाहीत. दर महिन्याला पिलावळ व्हायला नको म्हणून बाशाला खच्ची केलं आणि फुल्लाची पिशवी काढली. सशाचं ऑपरेशन! रशीदमध्ये असं कोणी ऐकलं नव्हतं. बंदरावर त्याला सशांचा हकीम म्हणायचे.

मी उम्म ताहाला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला पाठव, डॉक्टर एकावर एक फुकट करतात." सौसनने ओढणी तोंडात कोंबली. पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं.

बाशा: औषध घेतलं. बरसीमची एक काडी आपणहून.

२२ जानेवारी

आज जाळीच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी एकाच वेळी कोथिंबीर खाल्ली. फुल्लाने मान वर करून पाहिलं, गुरगुरली नाही. लेंड्या चांगल्या. इतक्या आनंदाने मी हिशामचा दहावीचा निकालही वाचला नव्हता.

दुपारभर बसावं लागतं. किती वेळ मुक्याने बसणार? सौसन जाळं विणते, मी भाजी निवडते. ती विचारते, ताई चहा? मी म्हणते, ठेव. साखर तिला बरोबर कळते. सात वर्षं वरखाली राहिलो, पण मी तिच्या हातचा चहा प्यायले नव्हते.

२८ जानेवारी, शुक्रवार

कठीण दिवस. दोघं आता जाळीला चिकटून झोपतात, म्हणून काल ठरलं होतं की आज जाळी काढायची. सकाळी मी धूप जाळला. दर शुक्रवारी घरभर फिरवते, आणि बाशावर उम्म ताहाची नजर तर आहेच, म्हणून त्याच्याभोवतीही सात वेळा फिरवला, चांगला धुरात न्हाऊ घातला. मग जाळी काढली. फुल्ला हुंगायला आली आणि पिसाळलीच. चिमटाभर केस उपटले. आम्ही पुठ्ठे मधे घातले म्हणून निभावलं.

फोन केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, इतके दिवस खपून त्याचा वास तिच्या ओळखीचा केलात, आणि तुम्ही तो धुरात पुसून टाकलात? ती दर वेळी परकाच ससा बघतेय." मी म्हटलं, "नजर लागू नये म्हणून हो." ते म्हणाले, "नजर नाही लागली. दात लागले."

पुन्हा जाळी, पुन्हा पहिल्यापासून. सौसनला म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "मीही करणार होते धूप. तुम्ही आधी केलात." ही खोटं बोलतेय असं वाटलं. बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

आज एक गंमत कळली, आणि राग इतका आला की हाजी जिवंत असता तर त्याची खैर नव्हती.

मी मुलुखिया केली होती. घरी कोणी खाणारं नाही, म्हणून भांडं दुकानात नेलं. सशाची नव्हे, कोंबडीची. बाशादेखत ससा कसा खाणार? सौसनने घास घेतला आणि थबकली. म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "छान आहे." "मग दचकलीस का?"

खूप खोदल्यावर बोलली. हाजी तिला सांगायचा, खालच्या बाईची मुलुखिया म्हणजे खळ, भिंतीला पोस्टर चिकटवावं. मी पातेलं खाली ठेवलं. कारण मला तो सांगायचा, वरच्या बाईची मुलुखिया म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. वर हेही, की जेवावं तर तुझ्याच हातचं.

"मलाही तेच म्हणायचे," सौसन म्हणाली. "जेवावं तर तुझ्याच हातचं."

"आणि पोट भरलंय म्हणून वर कमी जेवायचा?"

"खाली कमी जेवायचे असं मला वाटायचं."

मेला दोन्हीकडे भरपेट जेवत होता. आम्ही हसत सुटलो. इद्दतीतल्या दोन बाया नवऱ्याच्या दुकानात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग सौसनचं हसणं बदललं. म्हणाली, "ताई, मी सात वर्षं तुम्हाला घाबरत होते. जिन्यात पाय वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन उतरायचे."

मला ते ऐकू यायचं. मला वाटायचं, माज आहे, चाहूलही लागू देत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. वाढलं फक्त.

१२ फेब्रुवारी

जाळी काढली. आज धूप नाही, अत्तर नाही, मी तर साबणसुद्धा तोच वापरला. बाशा पुढे गेला, मान जमिनीला टेकून बसला, जणू म्हणतोय, बाई, काय करायचं ते कर. फुल्ला त्याच्याभोवती दोनदा फिरली. एकदा पाठीवर चढली, तो हलला नाही. शेवटी त्याच्या कपाळावर जीभ फिरवली. एकदाच, पण फिरवली.

सौसनने माझा हात धरला होता. मला नंतर लक्षात आलं.

१७ फेब्रुवारी

हिशामचा फोन. वरच्या मजल्यासाठी गिऱ्हाईक आलंय, पेट्रोल पंपावरचं बिऱ्हाड, इद्दत संपली की लगेच येतील म्हणतो. म्हटलं, आता माझं सशांचं चाललंय, डोकं खाऊ नकोस. तो म्हणाला, आई, सशांचा आणि मजल्याचा काय संबंध? काही नाही. पण एका वेळी माणसाने एकच काम करावं.

२० फेब्रुवारी

दोघं दिवसभर एकत्र असतात. एक वाटी, एक कोपरा. बाशा गर्गीरची पानं अशी खातो की आमच्यासाठी उरत नाहीत. आज डॉक्टरांना फोन केला. खूश झाले, म्हणाले, झालं की, आता रात्रीही एकत्र ठेवा, दुकानाची गरज नाही, घरी न्या.

कोणाच्या घरी, हे मी विचारलं नाही.

सौसनला सांगितलं, डॉक्टर म्हणतात अजून थोडे दिवस दुकानातच बसा, घाई नको. धुपाच्या वेळी घाई नडली होतीच, तेव्हा मी काही अगदी वावगं बोलले नाही. ती म्हणाली, "बरं ताई." लगेच जाळं घेऊन बसली.

२७ फेब्रुवारी

सकाळी गेले तर सौसन आधीच आलेली. चेहरा गंभीर. तळहातावर फुल्लाच्या केसांचा पुंजका. "ताई, बहुतेक पुन्हा भांडली. मला वाटतं अजून पक्कं नाही झालं."

मी पुंजका पाहिला. मऊ, मुळासकट सुटलेला. थंडी ओसरली की सशांचे केस गळतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि ते दोघं मागे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पसरलेले. ही पोर नजरेने कच्ची आहे का? सात वर्षं ससे सांभाळून एवढं कळू नये?

पण उगाच कशाला हिणवा. मी म्हटलं, "हो गं, अजून पक्कं नाही." तिने सुटकेचा श्वास सोडला. बिचारीला सशांची फारच काळजी.

५ मार्च

इद्दत संपत आली. सौसन वर सामान बांधतेय. दोर ओढल्याचा आवाज येतो. मला चिडचिड होतेय, सकाळपासून दोनदा भात करपला. तिचा भाऊ रजब गुरुवारी पिकअप घेऊन येणार. त्याला मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. लग्नात. तिला विचारलं, तिथे तुला खोली कुठली? म्हणाली, "वहिनीच्या आईजवळ. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांचं करायला कोणीतरी हवं आहे." म्हटलं, "आणि तुझं कोण करणार?" ती म्हणाली, "माझं काय असतं करण्यासारखं?"

आणि ससे? मी वाटणीवाली बाई, माझ्या तोंडून एकदा निघालंय, निम्मंनिम्मं. निम्मी जोडी कशी देणार? सौसन म्हणाली, दोघांनाही तुमच्याकडेच ठेवा. मी म्हटलं, वाचवलं कोणी, भरवलं कोणी, तू दोघांना घेऊन जा. ती नको म्हणाली. तिचा हा पहिलाच नकार, आणि तोही असल्या वेळी. त्यावरून आमचं भांडण झालं, चांगलं मोठ्याने. उम्म ताहाची खिडकी उघडली.

१० मार्च

आज भराभर लिहितेय, अक्षर येईल तसं येईल.

रजब सकाळीच आला. जाडा, मिशीवाला, पायरीवरूनच हाका मारणारा. सौसनची गादी, ट्रंक, शिवणयंत्र खाली आणून गाडीत टाकलं. मी दारात उभी. ती काळ्या ओढणीत पायरीवर, नजर चपलांवर. मग रजबला दुकानात ससे दिसले. आत शिरून त्याने बाशाला मानेला धरून उचललं.

"वा, तट्ट झालेत. दोन्ही घेतो, उम्म हिशाम. टाका पोत्यात. माझ्या मेव्हणीचं लग्न आहे पुढल्या आठवड्यात, मुलुखियाला होतील."

सौसनचे हात पुढे झाले.

मी म्हटलं, "खाली ठेव त्याला."

"अहो, थट्टा केली."

"थट्टा असो की काही, खाली ठेव. त्यांना नेता येणार नाही. डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. जागा बदलली की ते पुन्हा एकमेकांना फाडतात, आणि या वेळी फाडलं तर मरतील. याच घरात राहायला हवेत."

"मग राहू देत इथेच तुमच्याजवळ. काय अडलंय?"

इथवर मी ठरवून बोलले होते. पुढचं तोंडातून आपोआप आलं. म्हटलं, "माझ्या एकटीचं काम नाही ते. बाशाला माझा हात लागतो, फुल्लाला हिचा. दोघींनी दोन बाजूंना बसावं लागतं. हात बदलला की खाणं सोडतात. हेही डॉक्टरांनीच सांगितलंय. मरणाच्या दारातून आणलेत त्यांना, आता कोणाच्या लग्नासाठी मी ते वाया घालवणार नाही."

रजबने माझ्याकडे पाहिलं, सशांकडे पाहिलं. अलेक्झांड्रियाचा डॉक्टर म्हटल्यावर जरा बिचकला. मग बहिणीकडे वळला. "काय गं, डॉक्टर असं म्हणाले?"

सगळे फोन सौसनच्या समोर झालेले. आवाज मोठा ठेवूनच मी बोलते, ऐकू कमी येतं म्हणून. विसाव्या तारखेला डॉक्टर काय म्हणाले होते, तेही तिने शब्दन् शब्द ऐकलं असणार. हे मला त्याच क्षणी उमगलं आणि कानशिलं तापली.

तिने ओढणी नीट केली. म्हणाली, "म्हणाले. दोनदा म्हणाले."

"सशांसाठी?" रजब म्हणाला. "एका माणसाचं बिऱ्हाड सशांसाठी अडकवायचं?"

"नाजूक जात आहे, रजबभाऊ," मी म्हटलं.

तो बराच वेळ बडबडला. पेट्रोल फुकट गेलं, बायकोला काय सांगू, सासूचं कोण करणार. मी त्याला चहा दिला, वर दोन पुड्या मासे बांधून दिले. ट्रंक आणि यंत्र त्याच्याकडूनच वर चढवून घेतलं. गादी मात्र उरली. तो गेला, रिकामी गाडी नाक्यावरून वळली.

गादीचं एक टोक मी धरलं, एक तिने. जिना अरुंद, माझे गुडघे हे असे. मध्यावर ती थांबली. वळून पाहिलं नाही, पाठमोरीच म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी किती दिवसांचं सांगितलंय?"

मी म्हटलं, "डॉक्टरला काय कळतंय. गादी उचल, माझी कंबर मोडतेय."